नवीन फ्लॅटचं रिनोव्हेशन संपेना, जुना विकायचा राहिला, कॅपिटल गेन टॅक्स बसेल का?

स्लो_लोकल (१५ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

डोंबिवली पूर्वेला आमचा टू बीएचके आहे, २००८ च्या दिवाळीत घेतलेला, तेव्हा १८ लाख आणि वर स्टँप ड्युटी वगैरे धरून साधारण १ लाख. २०१६ च्या मे महिन्यात त्यात ४ लाख घातले, दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा, ग्रिल, सगळ्या टाइल्स. आता पुण्याला शिफ्ट व्हायचं म्हणून सिंहगड रोडला जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेतला, ६८ लाख, रजिस्ट्रेशन ११ नोव्हेंबर २०२४ ला झालं, बँकेचा चेक आणि किल्ली मिळायला २० डिसेंबर उजाडला.

प्लॅन असा होता की चार महिन्यांत काम संपवायचं, जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळे तिकडे आणि मग आरामात डोंबिवलीचा विकायचा. प्रत्यक्षात बाथरूमचा कोबा फोडला तर खाली नहाणी ट्रॅपच सडलेला, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला आधीपासून ओल होती ती आता आमच्या नावावर आली, मग परत वॉटरप्रूफिंग, परत पाणी भरून आठ दिवस थांबा, त्यात सोसायटीत दुपारी २ ते ४ हातोडा बंद. आज आठवा महिना चालू आहे. बायको आणि मुलगी जूनपासून सासरवाडीला आहेत, मी आणि आई इकडे डोंबिवलीत, दर शनिवारी कल्याणहून गाडी पकडायची आणि मिस्त्रीचं तोंड बघायचं. आत्तापर्यंत १४ लाख गेलेत.

डोंबिवलीला गिऱ्हाईक आलंय, ७४ ला तयार आहे, माणूस चांगला वाटतो. पण म्हणतो पितृपक्षात टोकन नको, घटस्थापनेला देतो आणि ॲग्रीमेंट तुळशीच्या लग्नानंतर करू. मलाही तेच सोयीचं वाटलं कारण तोपर्यंत पुण्याचं काम उरकेल. परवा ऑफिसमधला एक जण बोलला की अरे एक वर्षाचं काहीतरी असतं, बघ जरा. तेव्हापासून झोप उडालीय.

तर (१) डिसेंबर-जानेवारीत विकला तर होणाऱ्या नफ्यावर (कॅपिटल गेन) टॅक्स भरावा लागेल का? एका साइटवर वाचलं की रिनोव्हेशनमुळे राहायला जायला उशीर झाला तर २ वर्षांपर्यंत चालतं, खरं का? (२) हे १४ लाख कुठे धरता येतात का? (३) विक्रीचे पैसे आले की मला पुण्याचं होम लोन फेडून टाकायचंय, ते चालतं का की तेच पैसे घरात घातलेले दाखवावे लागतात?

बिनधास्त_बंड्या

सोप्पं आहे, ७४ च्या ७४ लाख कॅपिटल गेन अकाउंटमध्ये टाका बँकेत आणि मग तीन वर्षांत हळूहळू रिनोव्हेशनला वापरा. माझ्या मेव्हण्याने असंच केलं. लोन फेडलं तर मात्र गेलात.

खवचट_सीए

बंड्या, मेव्हण्याची केस वेगळी असणार, इथे ह्या सल्ल्याने माणूस विनाकारण अडकेल.

स्लो_लोकल, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घर विकून झालेला नफा नवीन घरात घातला तर टॅक्समधून सूट देणारं इन्कम टॅक्सचं कलम ५४, त्याला तुम्ही राहायला कधी गेलात, मिस्त्री कधी गेला, खालच्या काकू कधी शांत झाल्या ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला दोनच तारखा कळतात, नवीन घर घेतल्याची आणि जुनं विकल्याची. नवीन घर जुन्याच्या विक्रीच्या आधी १ वर्षात घेतलेलं हवं, नाहीतर विक्रीनंतर २ वर्षांत, किंवा बांधायचं असेल तर विक्रीनंतर ३ वर्षांत. तुम्ही आधी घेतलंय, म्हणजे १ वर्षवाली खिडकी तुमची, आणि ती ११ नोव्हेंबर २०२४ पासून धरली तर येत्या ११ नोव्हेंबरच्या आसपास बंद होते. रिनोव्हेशन संपायची वाट बघत बसलात तर घर नवीन राहील, सूट जाईल. तुळशीचं लग्न यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्यानंतर म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला बरोबर कड्यावर नेऊन उभं करतंय, अर्थात बिचाऱ्याला माहीत नाही.

आता ७४ लाखांचं. कलम ५४ मध्ये नफा गुंतवायचा असतो, विक्रीची पूर्ण रक्कम नाही. पूर्ण रकमेचा हिशोब ५४एफ मध्ये असतो, तिथे तुम्ही घर सोडून दुसरं काहीतरी, प्लॉट, सोनं, शेअर विकून घर घेता. हे दोन कलमं लोक इतकी मिसळतात की काय सांगू. आणि कॅपिटल गेन अकाउंट लागतं ते रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे घरात गेले नसतील तेव्हा. तुमचे आधीच गेलेत. अकाउंटची गरजच नाही.

लोनचं टेन्शन नको. नवीन घर लोनने घेतलं आणि नंतर विक्रीच्या पैशांनी लोन फेडलं तरी चालतं, तीच नोट तिकडे गेली पाहिजे असं कायद्यात नाही आणि ट्रायब्युनल-कोर्टांनी हे बऱ्याचदा मान्य केलंय. तुम्ही आधी घर घ्या म्हणणारी खिडकीच कायद्याने ठेवलीय, तर विक्रीचे पैसे तेव्हा हातात असतील कसे?

हॅरोवाला

तो २ वर्षांचा नियम तुम्हाला सापडला तो आमच्याकडचा आहे, यूकेचा. गुगलवर इंग्लिशमध्ये शोधलं की पहिले हेच येतं. इथे राहत्या घरावर सूट मिळते ती तिथे राहिलात किती त्या प्रमाणात, म्हणून मग नवीन घर घेतलं आणि काम चालू असल्याने किंवा जुनं विकलं न गेल्याने लगेच राहायला गेला नाहीत तर पहिले २४ महिन्यांपर्यंतचा काळ राहिल्यासारखाच धरतात, पण त्या मुदतीत खरोखर राहायला जायला लागतं. जुन्या घराचे शेवटचे ९ महिने पण असेच सोडून देतात. मी हॅरोमध्ये हे सगळं केलंय २०२२ मध्ये, छत काढून ठेवलेलं घर आणि नोव्हेंबरचा पाऊस, जाऊ द्या. तुमच्या केसला ह्यातलं काहीच लागू नाही.

स्लो_लोकल

बाप रे. म्हणजे मी यूकेच्या नियमावर दिवाळीनंतरची तारीख देऊन बसलोय.

खवचट साहेब, समजा नाहीच जमलं आणि वर्ष उलटलं, तर नक्की किती बसेल? बायको म्हणतेय दहा लाख जाणार, तिच्या भावाने सांगितलंय.

खवचट_सीए

भावाला म्हणावं हिशोब करून बघ. मी केलाय, जेवायच्या सुट्टीत.

विक्री ७४ लाख, दलाली १ टक्का धरली तर हातात ७३.२६. जुलै २०२४ च्या बजेटने इंडेक्सेशन (महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून धरणं) काढून सरसकट १२.५ टक्के केले होते, त्यावर लोकांनी आरडाओरडा केला आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-घरासाठी दोन्ही पद्धतीने टॅक्स काढा आणि कमी येईल तो भरा. हा पर्याय फक्त इथल्या रहिवासी माणसाला आणि एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) आहे, एनआरआयला नाही (हॅरोवाले, तुमचं इकडे काही असेल तर लक्षात ठेवा).

नव्या पद्धतीने : ७३.२६ वजा २३ (खरेदी १९ आणि २०१६ चे ४), नफा ५०.२६ लाख, १२.५ टक्के म्हणजे ६.२८, सेस धरून ६.५३ लाख.

जुन्या पद्धतीने : २००८-०९ चा इंडेक्स १३७, यंदाचा ३७६. १९ लाखांचे झाले ५२.१५ लाख. २०१६-१७ चा इंडेक्स २६४, तर ४ लाखांचे झाले ५.७०. म्हणजे नफा फक्त १५.४२ लाख, २० टक्के आणि सेस धरून ३.२१ लाख.

तर सगळं फिसकटलं तरी ३ लाख २१ हजार. कमी नाहीत, पण दहा नाहीत. आणि वेळेत झालं तर शून्य, कारण नफा ५०.२६ आणि तुमचं नवीन घर एकट्या खरेदीतच ६८ चं, वर ७ टक्के स्टँप ड्युटी आणि ३० हजार रजिस्ट्रेशन, तेही किमतीतच धरतात. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, ते १४ लाख, कलम ५४ साठी तुम्हाला लागतच नाहीत.

पण टाकून देऊ नका हो ती बिलं! पुढे कधी सिंहगड रोडचा विकाल तेव्हा त्यातला कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च किमतीत मिळवता येईल. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, वायरिंग हे धरा. रंगरंगोटी, पडदे, सोफा विसरा. आणि हो, तो फ्लॅट घेतल्यापासून ३ वर्षं विकायचा नाही, नाहीतर आज मिळालेली सूट तेव्हा परत वसूल होते.

साताऱ्याची_शैला

मी मध्ये बोलते कारण रिनोव्हेशनच्या खर्चाचं आमच्याकडे प्रत्यक्ष झालंय. आम्ही पुण्यातला फ्लॅट विकला, नफा ३० लाखांच्या वर होता, आणि साताऱ्यात जुनं घर घेतलं २१ लाखांना. घर म्हणजे काय, वर पत्रा, मागे संडास, त्याला दार नाही, लाइटच्या वायरी खिळ्याला लटकवलेल्या. राहण्यासारखं करायलाच ९ लाख लागले आणि आमच्या टॅक्सवाल्यांनी ते सगळे घराच्या किमतीत धरले. पुढे नोटीस आलीच.

मुंबईच्या ट्रायब्युनलचे जुने निकाल आहेत म्हणे की घेतलेलं घर राहण्यायोग्य करायचा खर्च हाही घरातलीच गुंतवणूक, तेच आम्ही मांडलं. पण निकालापेक्षा कामाला आले ते फोटो. माझ्या मुलाला सवय, घर घेतलं त्या दिवशी त्याने प्रत्येक खोलीचे फोटो काढलेले, तो पत्रा, तो संडास, सगळं तारखेसकट. इन्कम टॅक्सच्या साहेबांनी एसी, कपाटं आणि बैठकीचा दिवाण काढून टाकला आणि बाकीचं मान्य केलं. दिवाण मी पण धरायला नको होता, खरं सांगते.

ह्याच्या उलट माझ्या चुलतदिरांनी केलं. ठाण्याचा ब्लॉक विकला आणि गुहागरकडच्या वडिलोपार्जित घरावर १८ लाख घातले, नवी कौलं, नवी लादी, वर माळा. घर आधीच त्यांच्या नावावर, म्हणजे खरेदी नाही, आणि पाडून नवीन बांधलं नाही म्हणजे बांधकामही नाही, नुसती दुरुस्ती. एक रुपयाची सूट मिळाली नाही. गणपतीत विषय निघाला की अजून दोघं भाऊ भांडतात.

स्लो_लोकल

शैलाताई, खूप आभार, फोटो माझ्याकडे आहेत, ट्रॅपचा तर व्हिडिओ आहे, मिस्त्रीशी भांडायला काढलेला.

खवचट साहेब, दोन शंका राहिल्या. डोंबिवलीच्या ॲग्रीमेंटवर माझ्या बरोबर आईचं नाव आहे, दुसरं नाव म्हणून, पैसे सगळे माझे गेले होते. पुण्याचा मी आणि बायको. काही लोचा होईल का? दुसरं म्हणजे २०१६ ची बिलं. टाइल्सवाल्याचं बिल सापडलं पण ते गुळगुळीत कागदाचं, सगळं उडालंय, पांढरी पट्टी राहिलीय. मिस्त्रीला रोख दिलेले.

खवचट_सीए

आईचं नाव : पैसे कुणाचे गेले ते बघतात. तुमच्या पासबुकातून बिल्डरला गेलेले हप्ते आणि लोन तुमचंच असल्याचा कागद काढून ठेवा, मग नफा पूर्ण तुमचा दाखवता येईल. त्यांनी अर्धे भरले असते तर अर्धा नफा त्यांचा आणि पुण्याच्या फ्लॅटवर त्यांचं नाव नाही, मग त्यांच्या वाट्याला सूट नाही. सही मात्र दोघांची लागणार, आईंना रजिस्ट्रारकडे न्यायची सोय बघा, लिफ्ट आहे का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी नसते.

बिलं : वर्षाच्या आत व्यवहार झाला तर ह्याने फरक पडत नाही. नाही झाला तर पडतो, आणि चांगला पडतो, ते ४ लाख सिद्ध नाही झाले तर टॅक्स ३.२१ चा ४.३९ होतो. एका पांढऱ्या पट्टीची किंमत जवळजवळ १ लाख १८ हजार! बँकेतून काढलेल्या रकमा, सोसायटीकडे कामाच्या परवानगीचा अर्ज दिला असेल तर त्याची कॉपी, ग्रॅनाइटवाल्याला चेक दिला असेल तर तो, जे मिळेल ते गोळा करा.

आता महत्त्वाचं. गिऱ्हाइकाला सांगा की टोकन घटस्थापनेलाच दे पण ॲग्रीमेंटचं रजिस्ट्रेशन दिवाळीच्या आत करू, ताबा मात्र डिसेंबरअखेर. तसंही त्याचं लोन पास होऊन चेक निघायला महिना-दीड महिना जाणारच, तोपर्यंत तुम्ही आणि आई तिथेच राहाल. ॲग्रीमेंटमध्ये तारखेसकट लिहून घ्या की पूर्ण पैसे आल्यावर ताबा. सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे, कलम ५४ साठी विक्रीच्या कराराची तारीख धरली होती, तो तुमच्या बाजूने आहे. आणि दुसऱ्या टोकाला, मुंबई हायकोर्टाच्या एका जुन्या निकालात पूर्ण पैसे आणि ताबा ज्या तारखेला ती खरेदी धरलीय, म्हणजे तुमची २० डिसेंबर. पण ती राखीव चिल्लर समजा, त्यावर जेवण मागवू नका. त्या निकालातला फ्लॅट बांधकाम चालू असलेला होता, तुमचा रिसेलचा.

बाकी गिऱ्हाईक तुमचा १ टक्का टीडीएस कापेल, ७४ हजार, ५० लाखांच्या वर आहे म्हणून. तो २६एएस मध्ये (तुमच्या नावावर जमा टॅक्सचा उतारा) दिसला की रिटर्नमध्ये परत मागता येतो. आणि विचारतोच, तुम्ही पुण्याचा घेताना मूळ मालकाचे ६८ हजार कापून भरले होते ना?

स्लो_लोकल

भरले होते, बँकेने मागेच लागून भरायला लावले. तेव्हा शिव्या घातलेल्या बँकेला.

बिनधास्त_बंड्या

मेव्हण्याला फोन केला. त्याने घर विकलं होतं आणि नवीन प्लॉटवर बांधत होता, म्हणून अकाउंट. ओके, माघार. पण काका एक सांगा, ताबा न देता रजिस्ट्रेशन केलं आणि पार्टीने पैसेच दिले नाहीत तर?

खवचट_सीए

म्हणून टोकन नुसतं २१ हजार घ्यायचं नाही. रजिस्ट्रेशनच्या आधी स्वतःचा हिस्सा, निदान १५-२० टक्के, खात्यात आलेला हवा, आणि बँकेचं सँक्शन लेटर हातात हवं. ते नसेल तर सूट वाचवायच्या नादात घर अडकायचं. ३ लाखांसाठी ७४ लाख टांगू नका, हे मी माझ्या क्लायंटलाही सांगतो आणि तो ऐकत नाही.

स्लो_लोकल (१४ ऑक्टोबर २०२५)

अपडेट देतो, कारण मागे लोक प्रश्न विचारून गायब होतात ह्यावर मीच इथे चिडलो होतो.

गिऱ्हाइकाला सरळ खरं सांगितलं, की बाबा माझे एवढे एवढे लाख वाचतात, तू तारीख अलीकडे घे. तो म्हणाला मग त्यातले पन्नास हजार मला सोडा. शेवटी ७४ चे ७३ लाख ७५ हजार केले, मला परवडलं. घटस्थापनेला टोकन, दसऱ्यानंतर त्याचे १५ लाख आले, सँक्शन लेटर बघितलं आणि काल, १३ ला, रजिस्ट्रेशन झालं. आईचा अंगठा मशीनवर उमटेना, सात वेळा पुसून पुसून झालं, मागची रांग चुळबुळायला लागली, शेवटी तिथल्या मुलीने थोडं पाणी लावलं आणि उमटला. आई म्हणे भांडी घासून गेला असेल. ताबा ३१ डिसेंबर लिहिलाय.

पुण्याचं बाथरूम झालं. काकूंच्या छताची ओल अजून आहे. मिस्त्री म्हणतो ती आता वरून नाही, बाजूच्या डक्टमधून येतेय.